‘उष्णता बाहेर पडली’ म्हणजे नेमके काय?

‘‘डॉक्टर, उष्णता बाहेर पडलीय.’’

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने, हे वाक्य मी दोनदा ऐकले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्यावर त्वचारोगाचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही ते नवे नाही. कमरेखालच्या, ज्याचे नाव घेणे नको वाटते अशा प्रत्येक दुखण्याला आपल्याकडे एकच नाव आहे. उन्हाळा असेल तर उष्णता, पावसाळा असेल तर ओल्या कपड्यांचा त्रास.

पहिला रुग्ण सुपारीच्या वाडीत काम करणारा, तिशी ओलांडलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खुर्चीच्या अगदी कडेवर, तेही तिरका बसला होता. तीन दिवस ताप, अंग मोडून आलेले, लघवीला गेले की निखारा लागल्यासारखी आग आणि दोन्ही जांघांत अवधाण. तपासले तर शिश्नावर पुटकुळ्यांचा घोस. काही फुटून त्यांच्या उथळ, ओल्या जखमा झालेल्या.

दुसरा पर्यटकांच्या हॉटेलात काम करणारा, बावीस-तेवीसचा मुलगा. त्याला दुखत काहीच नव्हते. चार महिन्यांपूर्वी एक दाणा आला, मग शेजारी दुसरा, आणि आता फ्लॉवरच्या गड्ड्याचे बारीक तुरे चिकटवावेत तसा पुंजका झाला होता. मित्राने ‘कॅन्सर असेल’ म्हटले म्हणून तो आला होता. नाहीतर आणखी चार महिने आला नसता.

दोघांच्याही खिशातून एकाच जातीची ट्यूब निघाली. खाजेची. स्टिरॉइड, बुरशीवरचे औषध आणि अँटिबायोटिक असे तीन पदार्थ एकत्र घोटलेली. मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना, विशेषतः बाई माणूस नसताना, हळूच मागून घेतलेली.

एकाला नागीणीच्या कुळातल्या विषाणूचा आजार होता, जननेंद्रियांचा हर्पिस. दुसऱ्याला चामखिळीच्या कुळातल्या विषाणूचा, म्हणजे ‘एचपीव्ही’चा. दोन्ही लैंगिक संबंधांतून पसरतात आणि दोन्ही अतिशय सामान्य आहेत. पण औषध वेगळे, घाई वेगळी आणि पुढे काय सांभाळायचे तेही वेगळे.

फरक ओळखायला सोपी सुरुवात वेदनेपासून करावी. हर्पिस दुखतो. पुष्कळदा फोड दिसायच्या आधी एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या येतात, चुणचुणते, मांडीत किंवा कुल्ल्यात कळ जाते. मग लालसर जागेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या घोळक्याने उठतात, फुटतात, उथळ जखमा होतात, खपली धरते आणि दोन-तीन आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते. चामखीळ बहुधा दुखत नाही. ती फुटत नाही, तिच्यात पाणी नसते, ती आठवड्यात जात नाही. ती वाढते, सावकाश, कातडीच्याच रंगाची किंवा थोडी काळपट, हाताला खरखरीत किंवा मऊ तुऱ्यासारखी. थोडक्यात, हर्पिस येतो आणि जातो, चामखीळ येते आणि राहते.

पण नियमाला अपवाद आहेतच. कित्येकांत हर्पिस इतका सौम्य असतो की एखादी चीर किंवा ओरखडा समजून माणूस विसरून जातो. बायकांमध्ये दोन्ही आजार आतल्या बाजूला असू शकतात. मग हर्पिसची आग ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून अंगावर काढली जाते आणि चामखीळ कुणाला दिसतच नाही. गुदद्वाराजवळच्या चामखिळींना ‘मोड आले’ म्हणून मूळव्याधीचे लेप लावणारे रुग्णही मी पाहतो. तिथे चामखीळ आली म्हणजे अमुकच प्रकारचा संबंध आला, असा निष्कर्षही काढू नये. हा विषाणू शेजारच्या कातडीवरून तिथे सरकू शकतो.

आणखी दोन-तीन गोष्टी या गोंधळात भर घालतात. मोत्यासारखा चकचकीत दाणा, मध्यभागी बारीक खळगा, दाबला तर आतून पांढरा चोथा, हे मोलस्कम. तोही विषाणूच, पण वेगळ्या घराण्यातला आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी. शिश्नाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत, सारख्या आकाराचे बारीक दाणे असतील तर तो आजारच नाही. अनेक पुरुषांना ते जन्मजात ठेवणीतले असतात. लग्न ठरल्यावर हे दाणे पहिल्यांदा निरखून पाहणारे आणि झोप उडवून घेणारे तरुण दर हंगामात येतात.

जिच्याबाबत चूक परवडत नाही अशी गोष्ट मात्र सिफिलिस, जुन्या भाषेतली गरमी. त्याची पहिली जखम बहुधा एकच असते, बुडाशी कडक असते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, जखम आपोआप भरते, आणि आजार आत सरकतो. पुढच्या टप्प्यात त्याच भागात चपटे, ओलसर उंचवटे येतात, ते हुबेहूब चामखिळीसारखे दिसू शकतात. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होणारा हा रोग केवळ ‘चामखीळ असेल’ म्हणून निसटू नये. यासाठी माझ्या त्या दोन्ही रुग्णांच्या रक्ताची सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी मी करून घेतली. ती शंका म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

आता ‘नागीण’ या शब्दाविषयी. कमरेला किंवा छातीला एका बाजूने पट्टा काढत उठणारी नागीण म्हणजे कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा होणे. जननेंद्रियांचा हर्पिस त्याच कुळातला, पण विषाणू वेगळा. नागीण साधारणतः आयुष्यात एकदा येते आणि ती लैंगिक संबंधांतून येत नाही. गावात मात्र दोन्हींना एकच नाव आणि एकच उपाय. गेरूचा लेप लावायचा, जाणत्याकडून नागीण उतरवून घ्यायची आणि तिचे तोंड-शेपूट जुळू नये म्हणून धास्ती बाळगायची. ती जुळल्याने कुणी दगावत नाही. लेपाने फोड बरे झालेसे वाटतात, कारण ते आठ-पंधरा दिवसांत तसेही सुकणारच असतात. यात उपायाला फुकटचे यश मिळते आणि औषधाची वेळ निघून जाते.

चामखिळीवरचे घरगुती उपाय मात्र नुसते निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. खायचा चुना आणि सोडा, बिब्ब्याचे तेल, निवडुंगाचा चीक. हाताच्या चामखिळीवर आजोबांनी लावला होता म्हणून नातू इथे लावतो. नाजूक कातडी भाजते, जखम चिघळते, आणि चामखीळ शेजारी पुन्हा उगवते. वस्तऱ्याने किंवा रेझरने त्या भागातले केस काढतानाही विषाणू ओरखड्यांतून पसरतो. चामखीळ असेल तोवर रेझर बाजूला ठेवावा.

खिशातल्या त्या ट्यूबकडे पुन्हा येतो. आपल्या दमट हवेत जांघेतला गजकर्ण घरोघरी आहे, म्हणून ही ट्यूबही घरोघरी आहे. तिच्यातले स्टिरॉइड लाली आणि खाज दोन दिवसांत दाबते. रुग्णाला वाटते, लागू पडले. प्रत्यक्षात स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी असो वा विषाणू, त्याला रान मोकळे मिळते. मुलाच्या चामखिळी चार महिन्यांत पुंजक्याने वाढल्या त्यात ट्यूबचा वाटा किती हे सांगता येणार नाही, पण ती काही मदत करत नव्हती हे नक्की.

वाडीतल्या रुग्णाला त्याच संध्याकाळी असायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू केल्या. हे औषध ज्या संशोधनातून आले त्या गटातल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची युक्ती अशी : गोळी शरीरभर फिरते, पण ती कामाला लागते ती विषाणूच्याच एका विकराने तिला जागे केल्यावर. म्हणजे जिथे विषाणू तिथेच औषध. निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रिय राहते. पहिल्या झटक्यात फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर दुखणे आणि मुदत दोन्ही लक्षणीय घटतात. याच औषधाच्या मलमाचा मात्र फारसा उपयोग होत नाही. लोकांना मलम सोयीचे वाटते हा भाग वेगळा.

गोळ्या विषाणूला शरीरातून हाकलत नाहीत. फोड सुकल्यावर हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंवरून मागे सरकत माकडहाडाच्या वर, कण्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठींत जाऊन बसतो. ताप, जागरण, पाळी, मोठा ताण अशा निमित्ताने तो पुन्हा त्याच वाटेने खाली उतरतो. पुढचे झटके सहसा सौम्य असतात आणि वर्षागणिक विरळ होतात. फार वारंवार येत असतील तर रोज एक ठरावीक गोळी काही महिने देता येते. त्याने झटकेही रोखले जातात आणि जोडीदाराला लागण होण्याची शक्यताही कमी होते.

चामखिळीचा विषाणू मज्जातंतूत जात नाही, रक्तातही जात नाही. तो कातडीच्या सर्वांत खालच्या थरात राहतो आणि तिथल्या पेशींना वाजवीपेक्षा जास्त वाढायला लावतो. इथे गोळी नाही. चामखीळ काढावी लागते किंवा प्रतिकारशक्तीला तिच्यावर सोडावे लागते. गोठवणे, जाळणे, आम्लाचा नेमका थेंब, घरी लावायची काही मलमे, असे पर्याय आहेत; कोणते कुणाला, ते जागा आणि संख्या पाहून ठरते. गर्भवतीला यातली काही औषधे चालत नाहीत. मी त्या मुलाच्या चामखिळी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवल्या. नायट्रोजनचा डबा पाहून तो हसला. ‘‘हा तर गुरांच्या दवाखान्यात असतो!’’ बरोबरच आहे. कृत्रिम रेतनाच्या मात्रा साठवायला पशुवैद्यकीय दवाखान्यात हाच द्रव वापरतात. काढल्यावरही पहिल्या काही महिन्यांत चामखीळ पुन्हा उगवू शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही फेऱ्या माराव्या लागतात. दुसरीकडे, काही जणांत शरीर स्वतःच तिला संपवते.

औषधाचे बोलून झाले की दोघेही दाराकडे गेले नाहीत. दोघांचा प्रश्न एकच होता, फक्त रोख वेगळा. ‘‘हे आलं कुठून?’’

यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, कारण या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने घरे मोडतात. वाडीतला रुग्ण लग्नाला नऊ वर्षे झालेला. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता : मी बाहेर गेलो नाही, म्हणजे ती गेली. त्याला मी सांगितले ते इथेही सांगतो. हर्पिसची लागण झाल्यावर फोड दोन ते बारा दिवसांत येऊ शकतात हे खरे; पण अनेकांत पहिली लागण नकळत होते आणि पहिला दिसणारा झटका काही वर्षांनी येतो. चामखीळ साधारणतः काही आठवड्यांपासून आठ-दहा महिन्यांपर्यंत उगवते, कधी त्याहून फार उशिरा. शिवाय दोन्ही विषाणू अंगावर काहीही दिसत नसताना दुसऱ्याला लागू शकतात. कातडीवर तारीख छापलेली नसते. कुणी, कधी, कुणाला दिले हे कोणताही डॉक्टर तपासून सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

हर्पिसचे दोन प्रकार आहेत हेही पुष्कळांना माहीत नसते. तापानंतर ओठाच्या कडेला पुटकुळ्या उठतात तो प्रकार एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे 380 कोटी लोकांत तो आहे, बहुतेकांना लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला. हाच विषाणू मुखमैथुनातून जननेंद्रियांवर येऊ शकतो. प्रकार दोन मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो. 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 52 कोटी लोकांत तो असल्याचा अंदाज आहे. इतक्या कोटींच्या यादीत आपलाही नंबर लागला तर त्याला चारित्र्याचा दाखला का मानावे?

रक्ताच्या तपासणीने हा वाद मिटेल असे वाटते, पण ती तो वाढवते. गरोदरपणात सरसकट करून घेतल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीत हर्पिसचा रकाना असतो. तो ‘पॉझिटिव्ह’ आला की घरात कुजबुज सुरू होते. ओठावरच्या विषाणूशी लहानपणी गाठ पडलेल्या बाईच्या रक्तातही प्रतिपिंडे असणारच, आणि ‘नुकतीच लागण’ दाखवणारी म्हणून केली जाणारी चाचणी हर्पिसच्या बाबतीत दिशाभूल करणारी आहे. फोड ताजे असताना त्यांतल्या द्रवाचा नमुना घेऊन केलेली पीसीआर चाचणी खरी उपयोगाची. चामखिळीचे निदान तर अनुभवी डोळ्यानेच होते. तिच्यासाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही.

रिसॉर्टचा तरणतलाव, काशीद-नागावच्या समुद्रातली डुबकी, एसटी स्टँडची मुतारी यांतून हर्पिस येत नाही. हे ऐकून काही रुग्णांचा हिरमोड होतो, कारण घरी सांगायला ते बरे कारण असते.

बाळंतपणाबाबत मात्र खरोखर सावध राहायला हवे. आईला गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत पहिल्यांदाच हर्पिसची लागण झाली तर प्रसूतीच्या वेळी बाळाला तो होण्याचा धोका मोठा असतो आणि नवजात बाळात हा आजार जिवावर बेततो. आजार जुना असेल तर आईची प्रतिपिंडे बाळाला बरेचसे संरक्षण देतात, धोका खूप कमी असतो. शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करून तो आणखी कमी करता येतो. पण त्यासाठी डॉक्टरला माहीत हवे. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, सासरच्या डॉक्टरचे कागद सासरीच राहतात, आणि माहेरच्या डॉक्टरसमोर आई बसलेली असताना ‘मला किंवा ह्यांना हे झालं होतं’ असे म्हणणे तिला जमत नाही. म्हणून मी अशा जोडप्याला एक बंद पाकीट देतो. ते फाइलमध्ये ठेवायचे आणि प्रसूतितज्ज्ञांच्या हातात द्यायचे. तोंडाने काही बोलावे लागत नाही.

मुलाच्या मित्राने काढलेल्या कॅन्सरच्या शंकेत किती तथ्य? चामखिळी बहुतांशी एचपीव्हीच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात, आणि हे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे मुख्य प्रकार 16 आणि 18. ते चामखीळ उगवत नाहीत, काहीच दाखवत नाहीत. तेव्हा चामखीळ झालेल्या बाईने घाबरायचे कारण नाही आणि न झालेल्या बाईने निर्धास्त राहायचे कारण नाही. तिशीनंतर तपासणी दोघींनाही हवी. तिने काय साधते हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, ज्यांना केवळ नेहमीच्या सोयी होत्या त्या गटात 64. शेतमजूर बायकांची एकदाच केलेली तपासणी, एवढ्यावर हा फरक.

दोन्ही आजारांसाठी पैसे नाहीत म्हणून थांबायचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली ‘सुरक्षा क्लिनिक’ चालते. नाव न उघड करता तपासणी होते, औषधे मोफत मिळतात. तिथे आजारानुसार रंगीत पाकिटे ठरलेली आहेत. हर्पिसचे लाल, त्यात सात दिवसांच्या गोळ्या. आधी नुसते विचारायचे असेल तर 1097 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. निरोध दोन्ही आजारांचा धोका कमी करतो, पण पूर्ण थांबवत नाही, कारण विषाणू निरोधाने न झाकलेल्या कातडीवरही असतो. हर्पिसची चुणचुण सुरू झाली की फोड पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळणे हे त्याहून महत्त्वाचे.

वाडीतला रुग्ण दहा दिवसांनी बायकोला घेऊन आला. तिला तीन वर्षांपूर्वी एकदा ‘लघवीची आग’ झाली होती, दोन इंजेक्शने घेऊन बरी झाली होती. तेव्हाच्या डॉक्टरने तपासले नव्हते, तिने दाखवले नव्हते. ते काय होते, आता कुणालाच सांगता येणार नाही. दोघांनाही मी एकत्र बसवून हेच सांगितले. तो बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझ्याकडूनही तिला गेलं असेल.’’ असेल, मी म्हटले.

हॉटेलातल्या मुलाच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी कातडी स्वच्छ होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली आहे आणि ती 6, 11, 16, 18 या चारही प्रकारांवर चालते, हे मी त्याला पहिल्याच दिवशी बोलता बोलता सांगितले होते. आलेली चामखीळ लसीने जात नाही, पण न भेटलेल्या प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलांनाही देता येते. त्याने स्वतःसाठी किंमत विचारली, मान डोलावली, आणि जाता जाता दारात थांबला.

‘‘माझी बहीण आठवीत आहे. तेरा पूर्ण झालीत तिला. तिला किती डोस लागतील?’’

चौदा वर्षांपर्यंत दोनच लागतात, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा झाली की तीन.